मदतनिसांना शिकवणार कोण?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि २०२५च्या गांधी जयंतीला तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली. देशात आज सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. त्यांतील बहुसंख्य ठिकाणी एक सेविका आणि एक मदतनीस काम करते. शाळांकडे वळलो तर तेथेही शासनाच्या परिभाषेत ‘शिक्षक’ न ठरणारी, तरीही दिवसातील बराच काळ मुलांसोबत घालवणारी माणसे दिसतात: उत्तर प्रदेशातील शिक्षामित्र, दिव्यांग मुलांना शाळेत नेणारे आणि त्यांच्याजवळ बसणारे परिचारक, शहरांतील खासगी शाळांत पालकांनी स्वखर्चाने नेमलेल्या ‘शॅडो टीचर’. महाराष्ट्रातील वाचकांना वस्तीशाळांवरचे निमशिक्षक आठवतील. या सर्वांना एकत्र सामावून घेणारा शब्द आपल्या प्रशासनाच्या कोशात नाही. सोयीसाठी मी त्यांना ‘वर्ग-साहाय्यक’ म्हणेन.

या मंडळींविषयी आपल्याकडे दोनच प्रश्नांवर चर्चा होते. त्यांना मानधन किती आणि त्यांना कायम करायचे की नाही. हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांसाठी झालेली आंदोलने बहुतांशी न्याय्य होती, असे माझे मत आहे. पण मुलांच्या दृष्टीने जो तिसरा प्रश्न सर्वांत जवळचा, म्हणजे या व्यक्तीला तिचे काम कोण शिकवतो, केव्हा आणि किती वेळा, तो मंत्रालयांच्या टिपणांत शेवटच्या परिच्छेदात येतो. तेथे ‘आवश्यक ते प्रशिक्षण देण्यात येईल’ असे वाक्य असते. सेवेतील तीन दशकांत मी हे वाक्य इतक्या टिपणांत वाचले आहे की त्याचे कर्मणी रूप मला आता अर्थपूर्ण वाटू लागले आहे. प्रशिक्षण दिले जाईल. देणारा कोण, याचा उल्लेख नाही.

वर्गात शिक्षकाच्या जोडीला दुसरी, कमी शिकलेली व्यक्ती उभी करण्याची आधुनिक कल्पना जगाने एका अर्थी आपल्याच भूमीवरून नेली. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर भागातील लष्करी अनाथालयाचा प्रमुख होता. देशी पंतोजींच्या शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली, तशीच पद्धत आपल्या शाळेत आणली आणि शिक्षक राजी होईनात तेव्हा मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवून घेतले. १७९७ मध्ये त्याने हा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पुढे जोसेफ लँकेस्टरच्या नावाशीही जोडली गेलेली ही ‘मॉनिटर’ पद्धत इंग्लंडभर पसरली, त्याचे मुख्य कारण ती विलक्षण स्वस्त होती हे होय. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले एका सभागृहात बसवता येत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक उद्बोधक वाटते ती पुढची घटना. मॉनिटरकडून घोकंपट्टीपलीकडे काही होत नाही, हे इंग्रज शाळा-निरीक्षकांच्या लक्षात आल्यावर १८४६ मध्ये ‘विद्यार्थी-शिक्षक’ योजना आली. किमान तेरा वर्षांच्या मुलामुलीने पाच वर्षे उमेदवारी करायची, दरवर्षी निरीक्षकापुढे परीक्षा द्यायची आणि शाळेच्या वेळेबाहेर मुख्याध्यापकाने त्याला रोज दीड तास शिकवायचे. या दीड तासासाठी मुख्याध्यापकाला सरकारकडून वेगळे पैसे मिळत. साहाय्यकाचे शिकणे हे कुणाचे तरी नेमून दिलेले, मोबदला असलेले काम आहे, हे तत्त्व व्हिक्टोरियन काळातील कंजूष खजिन्यानेही मान्य केले होते. (ती योजना निर्दोष नव्हती, तेरा वर्षांच्या मुलांना राबवून घेण्याचे समर्थन कोणी करणार नाही.) आपण मात्र बेलची काटकसर घेतली आणि १८४६ची तरतूद विसरलो.

स्वतंत्र भारतात या तरतुदीच्या सर्वांत जवळ गेला तो राजस्थान. दुर्गम खेड्यांतील शाळांत नेमलेले शिक्षक जातच नाहीत, या जुन्या दुखण्यावर उपाय म्हणून १९८७ मध्ये स्वीडनच्या साहाय्याने तेथे ‘शिक्षाकर्मी’ प्रकल्प सुरू झाला. त्यामागे तिलोनियातील समाजकार्य केंद्राचा अनुभव होता. गावातलेच तरुण निवडायचे. पुरुष आठवीपर्यंत शिकलेला असला तरी चालेल, स्त्री पाचवीपर्यंत शिकलेली असली तरी चालेल. कागदोपत्री पाहता ही योजना म्हणजे दर्जाची सरळसरळ तडजोड होती आणि तेव्हाच्या शिक्षण खात्यांत तिची टिंगलही झाली. तथापि तिचा आराखडा रचणाऱ्यांनी एक हिशेब स्वच्छ मांडला होता: शिक्षण कमी असलेली व्यक्ती घ्यायची असेल तर प्रशिक्षण जास्त हवे. आरंभी महिन्याहून अधिक काळाचे निवासी प्रशिक्षण, नंतर दरवर्षी उजळणी वर्ग आणि दर महिन्याला गट पातळीवर बैठक. त्या बैठकीत शिक्षाकर्मी आपापल्या अडचणी मांडत, पुढच्या महिन्याचे पाठ ठरवत. स्त्रिया मिळत नाहीत म्हणून स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण केंद्रे काढली गेली. प्रशिक्षणाची शैक्षणिक बाजू जयपूरच्या ‘संधान’ या संस्थेने सांभाळली.

नंतरच्या दशकात अनेक राज्यांनी या प्रकल्पाचे अनुकरण केले, पण त्यातले निवडक तेवढेच उचलले. मध्य प्रदेशने १ जानेवारी १९९७ पासून शिक्षण हमी योजना राबवली: एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीत चाळीस मुले, आदिवासी भागात पंचवीस मुले असतील आणि गावाने मागणी केली तर नव्वद दिवसांत शाळा द्यायची, गावातलाच ‘गुरुजी’ नेमायचा. शाळा खरोखरच उघडल्या आणि हे यश नाकारता येत नाही. उत्तर प्रदेशने १९९९ मध्ये शिक्षामित्र योजना आणली. बारावी उत्तीर्ण तरुणतरुणींना जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत एक महिन्याचे प्रशिक्षण मिळाले आणि ती शाळेत रुजू झाली. नावात ‘मित्र’ होते; हेतू शिक्षकाला हातभार लावण्याचा होता. प्रत्यक्षात जेथे एकच शिक्षक होता तेथे तो टपाल, गणना, निवडणूक यांत गुंतला की शिक्षामित्रच शाळा चालवू लागला.

येथे आपल्या धोरणातील मूळ गोंधळ दिसतो. आपण साहाय्यक म्हणून माणूस आणतो, शिक्षक म्हणून त्याला वापरतो आणि साहाय्यकाचे मानधन देतो. त्यामुळे त्याला नेमके काय शिकवावे हेच ठरत नाही. शिक्षकाचे प्रशिक्षण द्यावे तर ‘तो शिक्षक नाही’, साहाय्यकाचे द्यावे तर ‘त्याच्या वर्गात दुसरे कोणीच नाही’. या गोंधळाची किंमत शेवटी न्यायालयात मोजली गेली. शिक्षामित्रांनी पुढे दूरस्थ पद्धतीने दोन वर्षांची पदविका घेतली, २०१४ पासून राज्याने त्यांना सहायक अध्यापक म्हणून सामावून घेतले, २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले आणि २५ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. लाखाहून अधिक माणसे एका दिवसात पुन्हा मानधनावर आली. ते मानधन राज्याने दरमहा दहा हजार रुपये ठरवले. पात्रता परीक्षेविना नेमणूक करता येत नाही, ही न्यायालयाची कायदेशीर भूमिका मला चुकीची वाटत नाही. पण पंधरा-सोळा वर्षे ज्यांच्या हाती मुले सोपवली त्यांच्या शिकण्याची जबाबदारी राज्याने कधी घेतली होती, हा प्रश्न त्या खटल्याच्या कक्षेत नव्हता आणि तो त्यानंतरही कुणी विचारला नाही.

शिक्षणहक्क कायद्याने अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रता मिळवण्यासाठी आधी ३१ मार्च २०१५ ही मुदत घातली. २०१७च्या दुरुस्तीने ती ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढवली. मग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत ‘स्वयम्’ या संकेतमंचावर अठरा महिन्यांची पदविका देशभर सुरू झाली आणि दहा लाखांहून अधिक शिक्षकांनी तिच्यात नाव नोंदवले. एवढ्या अल्प काळात एवढे मोठे आयोजन होऊ शकले, याचे कौतुक व्हायला हवे. मात्र त्यानंतर काय झाले? ही अठरा महिन्यांची पदविका दोन वर्षांच्या नियमित पदविकेच्या तोडीची आहे का, यावर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या शिक्षकांच्या वर्गांत वाचन किंवा गणित सुधारले का, यावर कुठेही एवढा वाद झाला नाही. प्रमाणपत्र हे प्रशिक्षणाचे फलित न राहता त्याचा हेतू झाले, की असेच घडते.

वर्ग-साहाय्यकांचा उपयोग होतो का, याविषयी मात्र आपल्याजवळ चांगला पुरावा आहे आणि त्यातला एक भाग थेट मुंबईतला आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या तरुणी. दोन आठवड्यांचे प्रशिक्षण. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन पायाभूत वाचन आणि अंकगणित शिकवायचे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या शाळांतील गुण पहिल्या वर्षी प्रमाण विचलनाच्या ०.१४ पट आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ पट वाढलेले आढळले. अधिक बोलके निरीक्षण हे की लाभ मुख्यतः बालसखीकडे गेलेल्या मुलांना झाला. मागे उरलेल्या, आता लहान झालेल्या वर्गातील मुलांना त्याचा विशेष फायदा दिसला नाही. दोन आठवड्यांचे प्रशिक्षण पुरले, कारण काम नेमके होते: ही मुले, हे दोन तास, ही कौशल्ये.

दुसरा पुरावा तामिळनाडूचा. चार जिल्ह्यांतील ३२० अंगणवाड्यांच्या अभ्यासात, निम्म्या केंद्रांत केवळ पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी अर्धवेळ अशी एक जादा कार्यकर्ती दिली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला आणि अठरा महिन्यांनंतर मुलांचे गणितातील गुण प्रमाण विचलनाच्या ०.२९ पट, भाषेतील ०.४६ पट वर गेले. कुपोषणही घटले, कारण मूळच्या सेविकेला आहार व आरोग्याच्या कामाला वेळ मिळाला. अर्थखात्यातील माझे जुने सहकारी मनुष्यबळवाढीचा प्रस्ताव आला की भुवया उंचावतात. त्यांनी हा अभ्यास अवश्य वाचावा.

परंतु केवळ माणूस वाढवला की भागते, असा अर्थ काढणाऱ्यांसाठी इंग्लंडचा अनुभव सावध करणारा आहे. तेथे शाळांत साहाय्यकांची संख्या झपाट्याने वाढली आणि २००९ मध्ये पूर्ण झालेल्या पीटर ब्लॅचफर्ड प्रभृतींच्या मोठ्या अभ्यासाने उलटेच चित्र दाखवले. साहाय्यकाची मदत सर्वाधिक घेणाऱ्या मुलांची प्रगती, त्यांच्यासारख्याच इतर मुलांपेक्षा कमी होती. संशोधकांनी दोष साहाय्यकांना दिला नाही. सर्वांत कच्चे मूल सर्वांत कमी तयारीच्या व्यक्तीकडे सोपवले जात होते, त्यामुळे ते शिक्षकापासून दुरावत होते. शिक्षकांना साहाय्यकासोबत काम कसे करावे याचे प्रशिक्षण नव्हते आणि दोघांना पाठाविषयी बोलायला ठरलेला वेळ नव्हता. बरीच साहाय्यक मंडळी वर्गात आल्यावरच आज काय चालले आहे ते कळण्याच्या स्थितीत होती. आपल्या शाळांतील दिव्यांग मुलाच्या बाकाशेजारी बसलेल्या परिचारकाचे चित्र याहून निराळे नाही.

या पार्श्वभूमीवर आजच्या धोरणाकडे पाहू. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अंगणवाडी सेविकांसाठी एक सुविचारित रचना सुचवली होती: बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, हे सारे नोकरीत खंड न पडता, दूरचित्रवाहिन्या आणि मोबाइल यांच्या आधारे, शालेय शिक्षण विभागाच्या समूह साधन केंद्रांचे मार्गदर्शन आणि महिन्याला किमान एक प्रत्यक्ष वर्ग. ज्याने कुणी हा परिच्छेद लिहिला त्याला राजस्थानचा अनुभव ठाऊक असावा. प्रत्यक्षात सध्या सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालले आहे ते मे २०२३ मध्ये आरंभलेल्या ‘पोषण भी पढाई भी’ मोहिमेतील प्रशिक्षण. त्यात राज्यांच्या प्रमुख प्रशिक्षकांना दोन दिवस आणि सेविकांना तीन दिवस मिळतात. मार्च २०२४ मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा अठ्ठेचाळीस आठवड्यांचा अभ्यासक्रमही आला आणि तो खेळावर आधारलेला, विचारपूर्वक केलेला आहे. तीन दिवसांत अठ्ठेचाळीस आठवड्यांची शिदोरी बांधून द्यायची, असा हा व्यवहार आहे. आरंभ म्हणून त्याला माझा आक्षेप नाही. चौथ्या आठवड्यात सेविका अडली तर तिने कुणाला विचारायचे?

कागदावरचे उत्तर ‘पर्यवेक्षिकेला’ असे आहे. पर्यवेक्षिकांच्या बैठकांना मी बसलो आहे. अजेंड्यावर आहाराचा साठा, वजन-उंचीच्या नोंदी, पोषण ट्रॅकरमधील प्रलंबित माहिती असे विषय असतात. जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थ्याच्या चेहऱ्याची ओळख पटवणे अनिवार्य झाल्याने त्यात आणखी भर पडली आहे. आहाराची गळती थांबावी यासाठीची ही व्यवस्था समजण्यासारखी आहे. मात्र एका बैठकीत जर चार तास असतील आणि ते चारही मोबाइलच्या पडद्यावर जात असतील, तर चार वर्षांच्या मुलाला गोष्ट कशी सांगावी हा विषय कधी निघणार? आणि मदतनिसाला तर या बैठकीचे बोलावणेही क्वचितच असते. केंद्राच्या २०१८च्या निर्णयानुसार सेविकेला दरमहा ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये मानधन ठरले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. सेविका फोनवर माहिती भरत असते तेव्हा मुलांना सांभाळते ती मदतनीसच. मुलांशी तिचे बोलणे किती आणि कसे व्हावे, हे तिला कुणी सांगितलेले नसते. तिचे काम स्वयंपाक आणि झाडलोट, अशीच व्यवस्थेची समजूत आहे.

मराठी वाचकांना येथे बोर्डीची आठवण होईल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले, पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते नेले आणि मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. सरकारी योजनेने तेथून नाव घेतले. स्थानिक मुलींना रोजच्या कामातून, सोबत बसून घडवण्याची जी रीत तेथे होती, ती योजनेच्या आर्थिक तक्त्यात बसली नाही.

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बाबतीत परिस्थिती अधिक बिकट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ शासनावर समावेशक शिक्षणाला साहाय्य करणाऱ्या व्यावसायिकांना आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षित करण्याची जबाबदारी टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक असे सांगितले. राज्ये आता पदे मोजण्यात गुंतली आहेत. या चर्चेत परिचारक कुठेच नाही. मुलाला शौचालयात नेणे, झटका आल्यास काय करणे, बोलता न येणाऱ्या मुलाने खुणेने काही सांगितले तर ते शिक्षकापर्यंत पोहोचवणे, ही कामे त्याची आहेत आणि त्यांतली एकही उपजत येत नाही. शहरांतील पालक तर ‘शॅडो टीचर’ला स्वतःच नेमतात, स्वतःच पगार देतात, तिने काय शिकलेले असावे याचा निश्चित दंडक नाही आणि शाळा तिला पाहुणी समजते.

समग्र शिक्षा आणि सक्षम अंगणवाडी व पोषण २.० या दोन्ही योजनांना दिलेली मंजुरी २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांची होती. पुढच्या टप्प्याच्या आराखड्यांवर बोलताना इमारती, टॅबलेट आणि स्मार्ट वर्ग यांचीच चर्चा अधिक होते आहे. २०२५ मध्ये केंद्राने अंगणवाड्या प्राथमिक शाळांच्या आवारात आणण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. याने सेविका, मदतनीस आणि पहिलीची शिक्षिका एका कुंपणाच्या आत येतील. सेविका महिला व बालविकास विभागाची, शिक्षिका शिक्षण विभागाची, हा भेद कुंपणाने मिटत नाही; पण दोघींना आठवड्यातून एक तास एकत्र बसवण्याचा आदेश आता दोन सचिवांच्या सहीने काढता येईल, पूर्वी तो काढूनही उपयोग नव्हता.

अशा आदेशासोबत तीन बाबींची तरतूद हवी. समूह साधन केंद्रातील एका व्यक्तीच्या कामाच्या यादीत साहाय्यकांचे मासिक वर्ग घेणे स्पष्टपणे लिहिलेले असावे आणि त्याबदल्यात तिच्याकडील दुसरे एखादे काम कमी व्हावे. शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणात साहाय्यकासोबत काम कसे वाटून घ्यावे याचा निदान एक दिवस असावा. आणि मासिक वर्गाला येणाऱ्या मदतनिसाला व परिचारकाला त्या दिवसाचे मानधन आणि प्रवासभाडे मिळावे. यातली तिसरी बाब क्षुल्लक वाटेल. मी जिल्ह्यात असताना प्रशिक्षणाची उपस्थिती का घसरते याचा शोध घेतला तेव्हा सर्वाधिक वेळा समोर आलेले कारण बसभाड्याचे होते: २,२५० रुपयांतून तालुक्याला येण्याजाण्याचे पैसे काढायचे आणि ते परत मिळायला दोन-दोन वर्षे लागायची. नवे आराखडे प्रसिद्ध होतील तेव्हा मी प्रथम आर्थिक तक्त्यातील प्रवासभत्त्याची ओळ शोधणार आहे.